वजन दुप्पट दाखवणारा काटा: कर्नल ड्रायव्हरमधलं लॉकिंग आणि एरर हँडलिंग कसं दुरुस्त करायचं

सकाळचे सहा. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका दूध संस्थेतून फोन आला. "दादा, काटा येडा झालाय बघा. पावती सहाची निघाली आणि बाहेरच्या पाटीवर बारा दिसलं. गर्दी जमलीया."

ऊस असो की दूध, आपल्या जिल्ह्यात काटामारी हा शब्द फार जड आहे. त्या दिवशी पावती बरोबर होती, चुकली होती ती पाटी. पण ज्याच्या म्हशीचं दूध काट्यावर होतं, त्याला हे कसं पटावं? चूक सेक्रेटरीची नव्हती, वजन टिपणाऱ्या लोड सेलचीही नव्हती. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये बसून लिहिलेल्या लिनक्स कर्नल ड्रायव्हरमध्ये, म्हणजे चिप आणि प्रोग्रॅम यांच्यामधल्या कोडमध्ये, ती होती, आणि तो लिहिणाऱ्यांत मी होतो.

त्या दुरुस्तीत जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो. तुम्हाला सी येतं, एखादं छोटं मॉड्यूल लिहून लोड केलंय, आता दुसऱ्याचा ड्रायव्हर दुरुस्त करायला हातात आलाय, असं धरून चालतो. फंक्शनची आणि एररची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मधली अधोरेषा तशीच ठेवली आहे, म्हणजे कर्नलच्या सोर्समध्ये शोधताना अडणार नाही.

आधी चिप समजून घ्या

काट्यात एचएक्स७११ ही चिप आहे. लोड सेलचा बारीकसा व्होल्टेज ती २४ बिटांच्या आकड्यात बदलते. तिला दोनच तारा: एक घड्याळाची, एक डेटाची. डेटाची तार खाली गेली की आकडा तयार आहे असं समजायचं. मग घड्याळाच्या तारेवर एकेक पल्स द्यायची आणि दर पल्सला एक बिट उचलायचा. २४ पल्सनंतर आणखी एक दिली, म्हणजे एकूण २५, की पुढचं मोजमाप ए चॅनलवर १२८ गेनने, म्हणजे सिग्नल १२८ पट वाढवून, होतं. २६ दिल्या तर बी चॅनल आणि गेन ३२, २७ दिल्या तर पुन्हा ए पण गेन ६४. म्हणजे गेन वेगळा लिहायची सोयच नाही. पल्स किती मोजल्या यावरच तो ठरतो.

आता दोन प्रोग्रॅम एकाच वेळी वाचायला आले तर काय होईल ते बघा. एक पावती करणारा, दुसरा बाहेरच्या पाटीवर आकडा चढवणारा. दोघंही त्याच तारेवर पल्स देणार. पाटीवाल्याच्या आधी पावतीवाल्याची एक पल्स पडली, तर पाटीवाल्याचा पहिला बिट गेला. उरलेले सगळे एक घर डावीकडे सरकले आणि कच्चा आकडा दुप्पट झाला. सहाचे बारा ते असे.

ड्रायव्हरची दुरुस्ती मी नेहमी इथून सुरू करतो. कोड उघडायच्या आधी डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक. यंत्र कशाने बिघडतं हे कळल्याशिवाय लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, कुठे लावायचं ते कळत नाही.

पायरी १: दोष हातात धरा

"कधीतरी होतं" अशा तक्रारीवर केलेली दुरुस्ती खरी झाली की नाही, ते कधीच कळत नाही. म्हणून दोष टेबलावर घडवून आणायचा. आम्ही ताटलीवर ५ किलोचं लोखंडी वजन ठेवलं आणि दोन शेल स्क्रिप्ट शेजारी शेजारी चालवल्या. दोन्ही तोच डिव्हाइस पुन्हा पुन्हा वाचत होत्या, आणि ५ किलोपासून दूर गेलेला प्रत्येक आकडा वेळेसकट फाइलीत पडत होता. एक स्क्रिप्ट चालवली तर फाइल कोरी, दोन चालवल्या की भरायला लागते. बोर्ड एकापेक्षा जास्त कोअरचा असलेला बरा, कारण असे दोष एका कोअरवर फार वेळ दडून बसतात.

याच वेळी तपासणीचा वेगळा कर्नल बांधून ठेवा. त्यात कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग, कॉन्फिग_डीबग_अटॉमिक_स्लीप आणि कॉन्फिग_केएसॅन हे तीन पर्याय चालू हवेतच. पहिल्याने लॉकडेप जागा होतो. लॉकडेप २००६ साली २.६.१८ मध्ये कर्नलात आला, आणि नव्या माणसाला त्याच्याइतका भला गुरू नाही. लॉक उलटसुलट क्रमाने घेतलं गेलं की प्रत्यक्ष अडकायच्या आधीच तो सांगतो. दुसरा पर्याय, झोपायची मुभा नसलेल्या जागी कोणी झोपलं तर ओरडतो. तिसरा सोडून दिलेल्या मेमरीला हात लावणाऱ्याला पकडतो. हा कर्नल हळू चालतो, म्हणून गिऱ्हाइकाकडे पाठवायचा नाही, पण टेबलावर तोच वापरायचा.

पायरी २: कोणत्या डेटाला कोण हात लावतं

कागद घ्या. खरोखरचा कागद. डाव्या बाजूला ड्रायव्हरमधला सामायिक डेटा लिहा, उजवीकडे त्याला कोण कुठून हात लावतं ते लिहा. आमच्या काट्याचा कागद असा झाला.

घड्याळ आणि डेटाच्या तारा, गेन, शून्याचा आकडा: यांना रीड (वाचायची हाक) येतो, आयओसीटीएल (सेटिंग बदलायची हाक) येतो, शिवाय काट्यावरचं शून्य करायचं बटण येतं.

बटण दाबल्याच्या नोंदींची रांग: बटणाचा इंटरप्ट हँडलर, म्हणजे बटण दाबताच चालू काम थांबवून धावणारं फंक्शन, लिहितो, रीड काढून घेतो.

चिपची वीज: प्रोब (ड्रायव्हर जोडताना चालणारं फंक्शन) चालू करतो, रिमूव्ह (काढताना चालणारं) बंद करतो.

तीनच ओळी, पण जुन्या ड्रायव्हरचं सगळं दुखणं त्यात दिसत होतं. पहिल्या ओळीवर लॉकच नव्हतं. दुसऱ्या ओळीवर होतं, पण चुकीच्या जातीचं. आणि एक जागतिक म्यूटेक्स (लॉकचाच एक प्रकार) होता, जो नेमकं काय राखतोय हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आलं नाही. रीड फंक्शनच्या डोक्यावर लावून ठेवला होता, पल्स सुरू व्हायच्या आधीच सुटत होता, आयओसीटीएल त्याला विचारतसुद्धा नव्हता. लॉक फंक्शनला लावलं की असं होतं. लॉक डेटाचं असतं, आणि कोणत्या डेटाचं ते स्ट्रक्टमध्ये त्या लॉकच्या शेजारी एका ओळीच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवायचं. ती कॉमेंट लिहिता येत नसेल, तर लॉक अजून ठरलेलं नाही असं समजा.

पायरी ३: लॉकची जात ठरवा

नदीवरून उसाला पाणी घेणाऱ्याला पाळी कळते. म्यूटेक्स म्हणजे रात्रीची पाळी: दुसऱ्याचं पाणी चालू आहे, तुम्ही घरी जाऊन झोपा, त्याचं झालं की तुम्हाला उठवतील. स्पिनलॉक म्हणजे कॉकवर हात ठेवून शेजारी उभं राहणं: डुलकीसुद्धा घ्यायची नाही, कारण काम क्षणाचं आहे. इंटरप्ट हँडलरला झोपताच येत नाही, त्यामुळे त्याला म्यूटेक्स चालत नाही.

पहिल्या ओळीसाठी म्यूटेक्स. आकडा तयार व्हायला १०० मिलिसेकंद लागू शकतात, कारण चिप साध्या जोडणीत सेकंदाला १० मोजमापं देते. एवढा वेळ कोणाला कॉकवर उभं करता येणार नाही. लॉक घेण्यासाठी रीडमध्ये म्यूटेक्स_लॉक_इंटरप्टिबल वापरला, म्हणजे वाट बघणारा प्रोग्रॅम कंट्रोल-सीने सुटतो. तो शून्य सोडून काही परत देईल तर लॉक मिळालेलं नसतं, हे ध्यानात ठेवा. तेव्हा -ईरीस्टार्टसिस देऊन सरळ बाहेर पडायचं, आणि त्या वाटेवर अनलॉक करायचं नाही. न घेतलेलं लॉक सोडलेलं मी तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांत पाहिलं आहे.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती आम्हाला दोन दिवस छळत होती. म्यूटेक्स लावल्यावर दुप्पट आकडे थांबले, पण कधीमधी एखादं वाचन भलतंच यायचं. कारण पुन्हा डेटाशीटमध्ये सापडलं. घड्याळाची तार ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली, तर एचएक्स७११ झोपी जाते. पल्स वर असताना नेमका नेटवर्कचा इंटरप्ट आला आणि लांबला, की चिप मधेच बंद. म्यूटेक्स दुसऱ्या वाचणाऱ्याला थांबवतो, इंटरप्टला नाही. म्हणून प्रत्येक पल्सच्या वर जाण्यापासून खाली येण्यापर्यंतच लोकल_आयआरक्यू_सेव्ह, आणि खाली आल्यावर लगेच लोकल_आयआरक्यू_रिस्टोअर. नवी पोरं सगळ्या २५ पल्सना एकच मोठं कुंपण घालतात. तसं करू नका. तेवढा वेळ त्या कोअरवर एकही इंटरप्ट पोचत नाही, आणि तार खाली असताना चिपला काही घाई नसते.

दुसऱ्या ओळीसाठी, म्हणजे बटणाच्या नोंदींसाठी, स्पिनलॉक. रीडच्या बाजूने घेताना स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह. साधा स्पिन_लॉक घेतला आणि त्याच कोअरवर बटणाचा इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरत राहील. ज्याने ते सोडायचं, तो हँडलर संपायची वाट बघतोय. बोर्ड तिथेच गोठला.

जुन्या कोडमध्ये याच स्पिनलॉकच्या आत, वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत डेटा उतरवणारा कॉपी_टू_यूजर होता. वरवर निरुपद्रवी दिसतो, पण वापरणाऱ्याचं पान मेमरीत नसेल तर ते आणावं लागतं, आणि तिथे झोप लागू शकते. तपासणीच्या कर्नलने पहिल्याच वाचनाला "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट" अशी ओळ टाकली. उपाय सोपा: लॉकच्या आत नोंद स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यायची, लॉक सोडायचं, मग कॉपी.

बटणाने काटा शून्य करायचा तर म्यूटेक्स हवा, कारण त्यासाठी चिप वाचावी लागते. म्हणून रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू. वरचा हँडलर फक्त वेळ टिपून रांगेत टाकतो. शून्य करायचं काम मागचा थ्रेड म्यूटेक्स घेऊन निवांत करतो.

आणि याच थ्रेडमुळे सगळ्यात ओंगळ अडकाव झाला. कोणीतरी रिमूव्हमध्ये सावधगिरी म्हणून म्यूटेक्स घेतला होता आणि तो धरूनच फ्री_आयआरक्यू बोलावला होता. फ्री_आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबतो. हँडलरचा थ्रेड म्यूटेक्ससाठी थांबलेला. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. यात दुसरं लॉक नाही, त्यामुळे लॉकडेपवर विसंबू नका, हे डोळ्यांनीच वाचून पकडावं लागतं. कॅन्सल_वर्क_सिंक, टायमर थांबवणारी फंक्शन्स, सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचा: मी ज्याची वाट बघतोय, त्याला माझ्या हातातलं लॉक लागतं का?

पायरी ४: चुकीची वाट बांधा

लॉकिंगपेक्षा जास्त दोष मला इथे सापडले, आणि त्याचं कारण उघड आहे: शेडमध्ये तार कधी सुटत नाही. संस्थेत मात्र उंदीर तार कुरतडतो, कनेक्टरमध्ये दूध जातं.

वाचनाची वाट आधी घ्या. जुना कोड म्यूटेक्स घ्यायचा, डेटाची तार खाली यायची वाट बघायचा, नाही आली तर तिथूनच रिटर्न. अनलॉक राहून गेला. पहिल्या वेळी प्रोग्रॅमला एरर मिळायची, दुसऱ्या वेळी रीड कायमचा लटकायचा. पीएसमध्ये प्रोसेस डी (न उठणाऱ्या झोपेच्या) अवस्थेत, किल -९ लासुद्धा दाद नाही, आणि १२० सेकंदांनी लॉगमध्ये हंग टास्कची तक्रार. मग सेक्रेटरी बिचारा वीज बंद-चालू करणार. एका लॉकच्या आतून तीन ठिकाणी रिटर्न दिसले की तिन्ही काढा, रेट या व्हेरिएबलमध्ये उत्तर ठेवा आणि गोटू आउट_अनलॉक करा. बाहेर पडायचं दार एकच. कर्नलमध्ये गोटूची लाज वाटायचं कारण नाही, इथली ती रीतच आहे. तुमचा कर्नल ६.५ किंवा नंतरचा असेल तर क्लीनअप.एच मधला गार्ड वापरता येतो, तो ब्लॉक संपताच लॉक स्वतः सोडतो. एकाच फंक्शनमध्ये गार्ड आणि गोटू मात्र मिसळू नका.

वाट किती वेळ बघायची, हाही एरर हँडलिंगचाच भाग. आमच्यात १५० मिलिसेकंद होते. पण चिप झोपेतून उठली की दहाच्या वेगात तिला स्थिर व्हायलाच ४०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक रीसेटनंतरची पहिली एरर खोटी होती. आता आम्ही ५०० थांबतो.

मग एररचा आकडा. जुना कोड सगळीकडे -१ परत देत होता. कर्नलच्या भाषेत -१ म्हणजे -ईपर्म, परवानगी नाही. तार तुटली होती आणि संस्थेच्या कॉम्प्युटरवर "ऑपरेशन नॉट परमिटेड" दिसत होतं. त्यामुळे तिथल्या पोराने अर्धा दिवस फाइलींच्या परवानग्या बदलण्यात घालवला. वेळ संपली तर -ईटाइम्डआउट, डिव्हाइस निघून गेलं तर -ईनोडेव्ह, कॉपी फसली तर -ईफॉल्ट. खालच्या फंक्शनने एरर दिली असेल तर तीच वर पाठवा, स्वतःची नवी घडवू नका. कॉपी_टू_यूजर फसल्यावर किती बाइट राहिले ते धन आकड्यात देतो. तो आकडा तसाच रिटर्न केला तर वाचणाऱ्याला वाटतं, एवढे बाइट मिळाले.

पॉइंटर देणारी फंक्शन्सही फसवतात. डेव्हएम_जीपीआयओडी_गेट चुकला तर नल देत नाही, एरर पॉइंटरमध्ये गुंडाळून देतो. म्हणून तपासणी इज_ईआरआर ने, आणि आकडा पीटीआर_ईआरआर ने काढायचा. केझॅलॉक मात्र नलच देतो. प्रत्येक फंक्शनच्या वरची कॉमेंट वाचा, अंदाज करू नका.

आता प्रोब. आमचा क्रम: मेमरी, लॉक आणि रांग तयार करणं, वीज, तारा, बटणाचा इंटरप्ट, आणि सगळ्यात शेवटी डिव्हाइस सगळ्यांना खुलं करणारा मिस्क_रजिस्टर. रिक्वेस्ट केल्या क्षणापासून इंटरप्ट येऊ शकतो, म्हणून लॉक त्याच्या आधी तयार हवं. रजिस्टर झाल्या क्षणापासून कोणीही डिव्हाइस उघडू शकतो, म्हणून ते शेवटी. मधे कुठे फसलं तर जेवढं चढलो तेवढंच, उलट्या क्रमाने उतरायचं. गोटूच्या लेबलांना एरर१, एरर२ अशी नावं देऊ नका, एरर_वीज_बंद यासारखी, काय उलटवतो ते सांगणारी द्या. तारा घेताना आम्ही आणखी एक तपासणी घातली: जीपीआयओडी_कॅनस्लीप. आय२सी या संथ जोडणीवरच्या विस्तारक चिपची पिन असेल तर ती ६० मायक्रोसेकंदांत खालीवर होणं शक्य नाही. अशा वेळी चालू होऊन चुकीचं वजन दाखवण्यापेक्षा प्रोबमध्येच -ईइनव्हॅल देऊन थांबलेलं बरं.

वीज देणारा रेग्युलेटर अजून आला नसेल तर -ईप्रोब_डेफर मिळतो, म्हणजे -५१७. ती चूक नाही, नंतर परत बोलावू असा निरोप आहे. डेव्ह_ईआरआर_प्रोब वापरलात तर हा निरोप लॉगमध्ये एरर म्हणून ओरडत नाही. बाकीच्या बहुतेक एरर तो नेहमीप्रमाणे छापतो.

डेव्हएम_ वाली फंक्शन्स सफाई आपोआप करतात, म्हणून लोक ती अर्धवट वापरतात आणि फसतात. आमच्यात पुढे इंटरप्ट डेव्हएम_ ने घेतला होता, वीज मात्र रिमूव्हमध्ये हाताने बंद होत होती. डेव्हएम_ ची सफाई रिमूव्ह संपल्यावर होते. म्हणजे आधी वीज गेली, मग इंटरप्ट सुटला, आणि मधल्या वेळात बटण दाबलं तर थ्रेड बिनविजेच्या चिपला पल्स देत बसतो. वीज बंद करायचं कामही डेव्हएम_अॅड_अॅक्शन_ऑर_रीसेट ने त्याच साखळीत घातलं की क्रम सुधारतो.

पायरी ५: प्रत्येक फसवी वाट एकदा तरी चाला

ज्या वाटेवर कोणी चाललं नाही ती बंद आहे असंच धरा. कॉन्फिग_फेलस्लॅब चालू करून मेमरी मागणी मुद्दाम फसवता येते. प्रोबमधल्या प्रत्येक टप्प्यावर तात्पुरता रिटर्न घालून मॉड्यूल लोड करा आणि न सोडलेली मेमरी शोधणाऱ्या केमेमलीकला विचारा. वाचन चालू असताना डेटाची तार उपटा, पुन्हा लावा.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी नवी माणसं विसरतात ती ही: एका टर्मिनलमध्ये डिव्हाइस उघडं ठेवा आणि दुसऱ्यातून सिसएफएसच्या अनबाइंड फाइलीत त्याचं नाव लिहा, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटतो. फाइल उघडी असताना मॉड्यूल काढणारा आरएममॉड नकार देतो, अनबाइंड देत नाही. आमच्या स्ट्रक्टची मेमरी डेव्हएम_केझॅलॉकची होती, ती अनबाइंडबरोबर गेली. पुढचा रीड गेलेल्या मेमरीत, आणि केएसॅनने पानभर लॉग ओतला. मेमरी साध्या केझॅलॉकने घेतली, किती जण वापरतायत ते केरेफने मोजलं, शेवटची फाइल बंद झाल्यावर सोडली. शिवाय म्यूटेक्सखाली डिव्हाइस गेल्याची एक खूण ठेवली. ती लागली असेल तर रीड चिपकडे न जाता -ईनोडेव्ह देतो.

पायरी ६: पॅच

एक दोष, एक पॅच. अनलॉक राहिलेला वेगळा, अनबाइंडचा वेगळा. मेसेजमध्ये लॉक कुठे लावलं हे सांगू नका, ते कोडमध्ये दिसतंच. कोणत्या क्रमाने काय घडून वापरणाऱ्याला काय दिसलं, ते लिहा. दोष ज्या कमिटने आणला त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं फिक्सेस ओळीत द्या, आणि पाठवायच्या आधी पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा.

दुरुस्त ड्रायव्हर घेऊन मी त्याच संस्थेत गेलो, संध्याकाळच्या दुधाच्या वेळी. ५ किलोचं वजन ठेवलं आणि रांगेत उभ्या असलेल्या एका मामांना म्हटलं, "ही तार ओढा." त्यांनी ओढली. पाटीवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे एकदम आलं: काटा जोडलेला नाही. तार परत लावली, अर्ध्या सेकंदानंतर दोन्हीकडे ५.०००. मामांनी स्वतःची किटली पुढे सरकवली.